आवाजाची वाटणी

दुकानातल्या अंधाऱ्या, मऊमऊ खोलीत पोस्टमास्तरांच्या पाठीमागे काचेचा ग्लास फुटला. ते दचकून उठले, वळले, आणि कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून वाकून काचा शोधायला लागले. काचा नव्हत्या. ग्लासही नव्हता. मागच्या भिंतीवर पाठ्यपुस्तकाएवढा एक काळा डबा टांगला होता आणि जे काही फुटलं होतं ते त्या डब्यात फुटलं होतं. समोर पडद्यावरची बाई त्या फुटलेल्या ग्लासावरून केव्हाच रडायला लागली होती.

दुकानदार हसला नाही. मुरलेला होता. "वाकतात साहेब, सगळेच वाकतात," एवढंच म्हणाला.

पोस्टमास्तर तिथेच गारद झाले. फसले म्हणावं तर त्यात दुकानदाराचा दोष दिसतो. त्यापेक्षा भारावले म्हणू. एवढ्याशा डब्यातून आख्खा ग्लास खरा होऊन बाहेर येतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. घरी येईपर्यंत ते रिक्षात दोनदा मागे वळून बघत होते. आठवड्याभरात तो सगळा स्पीकरांचा संच, म्हणजे समोरचे तीन उंच डबे, मागचे दोन लहान आणि कोपऱ्यात ठेवायचं एक धूड, त्यांच्या हॉलमध्ये येऊन बसला. शोभेचं कपाट त्यासाठी गॅलरीत गेलं, आणि गॅलरीतले कपडे बायकोच्या कपाळावरच्या आठीवर वाळू लागले.

इथे एक खुलासा केलेला बरा. हे पोस्टमास्तर पोस्टमास्तर नव्हते. ते टपालाच्या वर्गीकरण केंद्रात पर्यवेक्षक होते. गावोगावची पत्रं ज्या त्या थैलीत जातात की नाही, हे बघण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पण बिल्डिंगमधल्या लोकांना एवढा बारकावा परवडत नाही. टपालात आहे म्हणजे पोस्टमास्तर. सुरुवातीला ते जिन्यात थांबून चूक दुरुस्त करत. नंतर लोक जिन्यात थांबेनासे झाले, तेव्हा त्यांनी ते नाव पत्करलं. पण हाक ऐकली की आत कुठे तरी टाचणी टोचायचीच.

तर संच लागला. पहिला सिनेमा सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांत बायकोने विचारलं, "काय म्हणाला तो?"

"कोण?"

"तो मिशीवाला."

"मलाही नाही आलं ऐकू."

पोस्टमास्तरांनी आवाज वाढवला. मिशीवाला आता तोंडात गादी धरून बोलल्यासारखा ऐकू येऊ लागला. म्हणून आणखी वाढवला. तेवढ्यात मिशीवाल्याची गाडी दरीत कोसळली. कोपऱ्यातलं धूड जे गरजलं, त्याने टेबलावरचा पाण्याचा ग्लास आपोआप चालत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. हा ग्लास मात्र खरोखरच फुटला. खालून ठक ठक ठक असा आवाज आला. खालच्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहत. त्या शिकवण्या घेत आणि वरच्यांनी खुर्ची सरकवली तरी झाडूच्या दांड्याने छताला विचारत, काय चाललंय म्हणून.

"दुकानात तर फार छान ऐकू येत होतं," पोस्टमास्तर म्हणाले.

"मग दुकानातच बघत जाऊ," बायको म्हणाली आणि काचा भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे रेडिओकाका खाली आले. काका रेडिओ केंद्रात इंजिनिअर होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी आपल्यावाचून केंद्र बंद पडेल, ही आशा त्यांनी सोडलेली नव्हती. त्यांनी एका उंच डब्यावर टिचकी मारली, कान लावला, आणि डॉक्टर घरच्यांना बाहेर जायला सांगतात तशा स्वरात म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर आणा."

डब्याची पाठ उघडली. आत पांढऱ्या कापसात एक पट्टी होती. तिच्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि गोळ्यांच्या बाटलीसारखे दोन-तीन ठोकळे.

"हा क्रॉसओव्हर," काका म्हणाले. "नीट ऐका. अॅम्प्लिफायरकडून तार एकच येते. त्या एका तारेत ढोल, बासरी, माणसाचं बोलणं, सगळा कालवा एकत्र. आता या डब्यात आवाज काढणारे दोघं. हा मोठा शंकू, वूफर. याला जाड आवाज झेपतात. आणि हा बटणाएवढा ट्वीटर, याला बारीक. जाड आवाज चुकून याच्याकडे गेला तर बिचारा जळून मरेल. म्हणून ही पट्टी दारात बसते. हे वेटोळं जाड आवाजाला वाट देतं, बारकाला अडवतं. हा ठोकळा, कपॅसिटर, बरोब्बर उलटं करतो."

पोस्टमास्तर खाली बसले होते ते तसेच गुडघ्यांवर पुढे सरकले. "म्हणजे सॉर्टिंग!"

"म्हणा."

"आणि हिला वीज कुठून?"

"लागत नाही. जो आवाज येतो त्याच्याच जोरावर चालते. म्हणून तर हिला पॅसिव्ह म्हणतात."

त्यांच्या केंद्रात यंत्रं होती, माणसं होती, पाळ्या होत्या, आणि तरीही दक्षिणेची पत्रं उत्तरेला जाऊन, थंडी खाऊन परत येत. इथे काडेपेटीएवढं वेटोळं एका क्षणात हजारो आवाज ज्याचे त्याला देत होतं. चहाला उठत नव्हतं, रजा मागत नव्हतं. त्यांनी पट्टीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

"मालच हलका वापरलाय यात," काका म्हणाले. "म्हणून माणसाचा आवाज दबतो. मी चांगले कपॅसिटर घालून देतो. पट्टी काढून ठेवा."

इथवर सगळं ठीक होतं. पण पोस्टमास्तरांना राहवेना. असं आश्चर्य एकट्याने बघणं त्यांना पाप वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती पट्टी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातली आणि सहकाऱ्यांना दाखवायला म्हणून कचेरीत नेली.

फाटकावर सुरक्षारक्षकाने पिशवी यंत्रातून सोडली आणि त्याचा चेहरा बदलला. पडद्यावर तारेची वेटोळी दिसत होती, ठोकळे दिसत होते, आणि लोंबणाऱ्या लाल-काळ्या वायरी दिसत होत्या.

"साहेब, हे काय आहे?"

"अरे, क्रॉसओव्हर. पॅसिव्ह आहे. काही करत नाही."

हे वाक्य किती संशयास्पद आहे ते पोस्टमास्तरांना बोलल्यावर कळलं. रक्षक दोन पावलं मागे सरकला. "साहेब, मला ही पिशवी बाजूला काढावी लागेल."

"मला ओळखत नाहीस का तू?"

"ओळखतो ना साहेब. पण परिपत्रकात लिहिलंय, वस्तू ओळखीच्या माणसाने आणली असली तरी. तुम्हीच लिहिलंय."

खरं होतं. संशयित पार्सलांविषयीचं ते परिपत्रक पोस्टमास्तरांनीच लिहिलं होतं, आणि 'ओळखीच्या माणसाने आणली असली तरी' हे शब्द सुचले तेव्हा त्यांना स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. परिपत्रकाप्रमाणे पट्टी आधी पाण्याच्या बादलीत बुडवण्यात आली. मग वाळूत पुरण्यात आली. सगळी कचेरी अंगणात येऊन उभी राहिली. बॉम्बशोधक पथक आलं, त्यांनी वाळू उकरली, पट्टी हुंगली आणि खबरदारी म्हणून तिच्यावर एकदा हातोडा मारला. वरिष्ठांनी पोस्टमास्तरांना बोलावून सांगितलं की तुमचं परिपत्रक उत्तम काम करतं, अभिनंदन; आणि ते ज्याच्यावर चालवून बघावं लागलं त्याने लेखी खुलासा द्यावा. खुलासा पोस्टमास्तरांनी दिला. अभिनंदन मात्र लेखी मिळालं नाही.

संध्याकाळी चपटी, वाळूने माखलेली पट्टी घेऊन ते घरी आले, तर सोफ्यावर मेहुणा बसलेला. मेहुण्याला स्वतःचा असा धंदा नव्हता. दुसऱ्याच्या धंद्यातलं मात्र त्याला सगळं कळत असे.

"भावजी, मेलं ते बरं झालं," पट्टी हातात घेऊन तो म्हणाला. "पॅसिव्हचा जमाना गेला. तुम्ही काय करता, आधी आवाज अॅम्प्लिफायरमधून काढून हत्तीएवढा करता, आणि मग त्याला या चिंचोळ्या दारातून कोंबता. निम्मी ताकद दारातच जाते. अॅक्टिव्ह क्रॉसओव्हर काय करतो? आवाज पिल्लू असतानाच जाड-बारीक वेगळा करतो. मग ज्या पिल्लाला जेवढं खायला घालायचं तेवढं घाला. शिवाय बटणं असतात. वाटणी कुठे करायची ते तुम्ही ठरवायचं."

"मी ठरवायचं?"

"तुम्हीच."

आयुष्यभर वरून आलेल्या हुकमाप्रमाणे वाटणी केलेल्या माणसाला हे वाक्य फार लागलं. पोस्टमास्तर विरघळले.

"पण मग प्रत्येक पिल्लाला वेगळा अॅम्प्लिफायर हवा," मेहुणा हळूच म्हणाला.

रेडिओकाकांना हे कळलं तेव्हा ते नवे कपॅसिटर रुमालात बांधून जिना उतरत होते. ते पायरीवरच थांबले. "एका आवाजाला इतके अॅम्प्लिफायर? उद्या प्रत्येक दाताला वेगळा जबडा बसवा!" असं म्हणून ते रुमालासकट वर गेले. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं. जिन्यात भेटले की ते पोस्टमास्तरांकडे न बघता जिन्याच्या दिव्याकडे बघत आणि दिव्यालाच म्हणत, "पॅसिव्हमध्ये बिघडायला असतं काय?"

मेहुण्याने मात्र शब्द पाळला. बंद पडलेल्या सभागृहातला एक, व्यायामशाळेतला एक, कुठल्याशा बसमधला एक, असे अॅम्प्लिफायर तो जमवत गेला. उरलेल्या दोन उंच डब्यांच्या पोटातल्या पट्ट्याही उपसून काढल्या. हॉलमध्ये वायरींचं असं रान माजलं की बायकोने चहा देण्यासाठी आत यायचं सोडून दिलं. ती स्वयंपाकघराच्या दारातून कप पुढे करी, आणि मेहुणा तो हातोहात आत पोचवी.

"ताई, एकदा लागलं ना, तू बघच," तो म्हणे.

"बघायचं कुठून? टीव्ही कुठे आहे तो तरी दाखव," ती म्हणे. टीव्ही बसच्या अॅम्प्लिफायरमागे होता.

रविवारी सकाळी सगळे अॅम्प्लिफायर एकदम चालू केले. लाल दिवे लागले. आधी घरातली वीज गेली, मग मजल्याची, मग सगळ्या बिल्डिंगची. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, आणि नशीब असं की सोसायटीचे सेक्रेटरी तिच्यात होते. ते बाहेर निघेपर्यंत त्यांनी आतूनच ठराव तयार केला होता. विजेचा भार रीतसर मंजूर करून आणा, नाही तर ही यंत्रं खाली उतरवा.

पोस्टमास्तर वीज कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. भार कशासाठी, या रकान्यात पोस्टमास्तरांनी प्रामाणिकपणे 'होम थिएटर' लिहिलं होतं.

"होम समजलं," कारकून म्हणाला. "थिएटरचं लायसन कुठंय?"

"अहो, ते नुसतं म्हणायला थिएटर. घरीच आहे."

"घरी थिएटर काढायला लायसन नको, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

पोस्टमास्तर परवाना कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आसनं किती?"

"सोफ्यावर तीन बसतात. एक आरामखुर्ची आहे. बायको बहुतेक उभीच असते."

"उभं राहून बघायला बंदी आहे. बाहेर पडायचे दरवाजे?"

"एकच. एक गॅलरीचा आहे, पण तिथे कपाट आहे."

"स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह?"

पोस्टमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी खिडकीच्या या बाजूने सरकार पाहिलं. किती प्रचंड आहे हे, असं त्यांना वाटलं. ग्लास फुटला तेव्हा वाटलं होतं त्याहून थोडं कमी, पण जवळपास तसंच. बाईंनी सांगितलं, निरीक्षक प्रत्यक्ष पाहणीला येतील. कधी? ते त्यांच्या सोयीने.

तोवर मेहुण्याने तोडगा काढला. फ्रीज बंद, पंखे बंद, दिवे बंद, आणि फक्त समोरचे तीन डबे चालू. एवढं घराच्या विजेला सोसत होतं. घामाच्या धारांत त्याने अॅक्टिव्ह क्रॉसओव्हरची बटणं फिरवली आणि सिनेमा लावला.

पावलं वाजली. काय वाजली! बूट वेगळे, चपला वेगळ्या. दूरवर झाडाची पानं सळसळली ती सळसळ कानाला गार लागली. पोस्टमास्तरांच्या अंगावर काटा आला. मग मिशीवाला पुढे आला, त्याने तोंड उघडलं, हात नाचवले, आणि तोंड मिटलं. समोरची बाई संतापली, तिनेही तोंड उघडलं. आवाज नाही. तिच्या बांगड्या किणकिणल्या, त्याच्या बुटाखाली फरशी घुमली, पण बोलणं म्हणून एक शब्दसुद्धा नाही.

"माणसाचा आवाज कुठे गेला?" पोस्टमास्तर घाबरून म्हणाले.

मेहुण्याने दोन वायरी काढून पुन्हा घातल्या. सगळी दुनिया ऐकू येत होती, फक्त माणूस गायब होता.

"छान झालं की," दारातून बायको म्हणाली. "नवरा-बायकोचं भांडण आहे. ऐकण्यासारखं नसतंच काही."

पोस्टमास्तरांना हसू आलं नाही. ज्या माणसाच्या हातून एकही पत्र गहाळ झालेलं नव्हतं, त्याच्या घरात आख्ख्या मनुष्यजातीचा आवाज गहाळ झाला होता. ते वायरींच्या रानात खाली बसले. आपण कोण, कशाला या फंदात पडलो, दुकानात वाकलो तेव्हाच आपली शोभा झाली होती, असं काही तरी त्यांच्या मनात येत होतं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

गाण्याच्या बाई स्वतः वर आल्या होत्या. हातात झाडू नव्हता. पण असता तर बरं, असं वाटावं असा चेहरा.

"माझ्या मुली दिवसभर बेसूर गातायत," त्या म्हणाल्या. "तुमच्या इथून एक सूर सारखा खाली झिरपतो. ठोऽऽ असा. त्यांचा 'सा' त्याला जाऊन चिकटतो. काय करताय तुम्ही?"

पोस्टमास्तरांनी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. ग्लासापासून सुरुवात केली. बाई रागावून ऐकत होत्या, मग नुसत्या ऐकू लागल्या. "लावा बघू," त्या म्हणाल्या. मिशीवाला पुन्हा मुक्याने भांडला. बाई डोळे मिटून उभ्या होत्या.

"आवाज गेला नाहीये," त्या म्हणाल्या. "खालचा लवकर सोडतोय आणि वरचा उशिरा घेतोय. मधली जागा कोणाचीच नाही. माणूस नेमका तिथेच बोलतो."

मेहुण्याने बटणांकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. जाड आवाजाची हद्द त्याने फार खाली संपवली होती, बारकाची फार वर सुरू केली होती. मधे ही एवढी मोठी पडीक जमीन.

"वरच्या काकांना बोलवा," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे मोजायचं यंत्र असेल. आणि माझा माइक आणते. आपण आवाजानेच शोधू जोड कुठे बसतो ते."

रेडिओकाका येणार नाहीत, अशी पोस्टमास्तरांची खात्री होती. पण निरोप जायचा अवकाश, काका मीटर छातीशी धरून दारात हजर. ते जिन्यातच उभे होते की काय कोण जाणे. मेहुण्याकडे न बघता ते म्हणाले, "अॅक्टिव्ह असलं म्हणून काय झालं, आवाज तोच आहे," आणि बटणांपाशी मेहुण्याला खेटून बसले.

माइक हॉलमध्ये धरला तर डबे असे किंचाळले की सेक्रेटरी खालून ओरडले. बाईंनी माइक लांब वायरीने स्वयंपाकघरात नेला. आता प्रश्न आला, गाणार कोण? बाईंना इथे उभं राहून ऐकायचं होतं. मेहुण्याने घसा खाकरला, तो ऐकूनच बाई नको म्हणाल्या. काकांना दमा. पोस्टमास्तरांनी 'सा' लावला. बाईंनी अत्यंत सभ्यपणे त्यांना पाणी प्यायला सांगितलं.

"तुम्ही या हो," त्या स्वयंपाकघराकडे वळून म्हणाल्या.

"मी?" बायको म्हणाली. "मी दूध ठेवलंय गॅसवर."

"राहू दे दूध. खालून वर जायचं, हळूहळू, जिना चढल्यासारखं. आवाज तोडायचा नाही. हे दार लावून घ्या."

दार लागलं. हॉलमध्ये सगळे मधल्या डब्याकडे बघत बसले. आणि डब्यातून एक आवाज आला, खालचा, जरासा बुजलेला. तो वर चढू लागला, दोन-चार पायऱ्या चढला आणि विरून गेला.

"इथे," बाई म्हणाल्या. "खालची हद्द वर घ्या."

काकांनी मीटर पाहिलं, मेहुण्याने बटण फिरवलं. पुन्हा आवाज आला, आणखी वर गेला, ठेचकाळला. पुन्हा बटण. पुन्हा आवाज. आता तो चढत गेला, चढत गेला, वरच्या टोकाला जाऊन थांबला, तरी तुटला नाही.

"सूर बसले. आता शब्द हवेत," बाई म्हणाल्या आणि दारापाशी जाऊन ओरडल्या, "काही तरी शब्द म्हणा त्याच सुरांवर! स, श, च असले आले पाहिजेत!"

"काय म्हणू?"

"काहीही म्हणा! रोज बोलता तेच!"

मग डब्यातून सुरात शब्द आले, "पिशवी विसरू नका... चहाची साखर संपली... शिडी आणून द्या हो, सज्जा पुसायचाय..."

मेहुणा फिसकन हसला आणि बाईंनी हात वर करताच गप्प झाला. "'श' खरखरतोय. वरची हद्द खाली. अजून. अजून थोडी." काका म्हणाले, "बास, इथे दोघांची भेट होते." मेहुण्याने बटणावरचा हात काढला.

आणि मग ते झालं. जाड आणि बारीक यांच्यातली शिवण कुठे होती ते कळेनासं झालं. तीन डबे होते, पण आवाज डब्यांतून येत नव्हता. तो खोलीत उभा होता. अंधाऱ्या, उकडणाऱ्या, वायरींनी भरलेल्या त्या हॉलच्या मधोमध एक बाई उभी राहून म्हणत होती, साखर संपली, शिडी आणा, पिशवी विसरू नका. श्वास घेतला की तो श्वास ऐकू येत होता. शब्द संपताना ओठ मिटत, ते मिटणं ऐकू येत होतं. तिला आता वरच्या पट्टीची भीती उरली नव्हती. ती एकेका शब्दावर रेंगाळत होती, 'हो' वर तर तिने एक अशी वळणदार लांबण घेतली की रेडिओकाकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

पोस्टमास्तर जागचे हलले नाहीत. हेच शब्द त्यांनी रोज ऐकले होते. जिन्यात ऐकले होते, वर्तमानपत्राच्या पलीकडून ऐकले होते, दार ओढून घेता घेता ऐकले होते. पिशवी लक्षात ठेवली होती, साखर आणली होती. हा आवाज मात्र त्यांना नवीन होता. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं आपल्या घरात होती आणि आपण बाहेर दुकानात जाऊन काचा शोधत होतो, असं त्यांना वाटलं. शेजारी मेहुणा होता. ती त्याची सख्खी बहीण. तोही तोंड उघडं टाकून बसला होता.

"कोणाकडे शिकल्या या?" गाण्याच्या बाईंनी कुजबुजत विचारलं.

"कोणाकडेच नाही," मेहुणा म्हणाला. "म्हणजे, मला तरी माहीत नाही."

जिन्याकडचं दार उघडंच राहिलं होतं. त्यात काखेत फाइल धरलेले एक गृहस्थ उभे होते. ते कधी आले ते कोणालाच कळलं नाही. त्यांनी बूट काढून हातात घेतले होते, आणि तसेच, बूट धरून, भिंतीला टेकून ऐकत होते. आवाज जरा थांबला तेव्हा ते हळूच म्हणाले, "मी परवाना कचेरीतून. पाहणीला. इथे थिएटर आहे असा अर्ज आहे."

पोस्टमास्तर धडपडत उठले. "साहेब, ते मी चुकून..."

"बसा बसा," निरीक्षक म्हणाले. "थिएटर नाही हे. वीजवाल्यांना मी तसं लिहून देतो. घर आहे, घरात बाई गातायत." मग काखेतली फाइल सावरत त्यांनी विचारलं, "अजून आहे का पुढे?"

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. पदराला हात पुसत तिने सगळ्यांकडे बघितलं. काकांचे डोळे ओले, भाऊ तोंड उघडं ठेवून बसलेला, नवरा मधोमध पुतळ्यासारखा उभा, आणि दारात कोणी तरी परका माणूस बूट हातात घेऊन.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "पुन्हा काही जळलं का?"

गाण्याच्या बाई पुढे झाल्या. "उद्यापासून माझ्याकडे यायचं," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात आमंत्रण नव्हतं, हुकूम होता. "दुपारी. मुली यायच्या आधी."

"मी? अहो, मला काय येतंय? आणि दुपारी माझी इतकी..."

तिने नवऱ्याकडे बघितलं. एरवी अशा वेळी पोस्टमास्तर काही तरी बोलत. आज स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता, म्हणून ते आत गेले. दूध उतू गेलं होतं. ओट्यावरून ओघळून ते खाली फरशीवर आलं होतं आणि शेगडीवर काळं पडत होतं. या घरात दूध आजवर कधी उतू गेलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला, फडकं ओलं केलं आणि गुडघे टेकून फरशी पुसायला घेतली. माइक अजून चालूच होता. त्याच्यापर्यंत आपला श्वाससुद्धा जाऊ नये म्हणून ते हळूच श्वास घेत होते.

बाहेर सगळे निरीक्षकांना बसायला जागा करून देत होते. बाई काही सांगत होत्या. मग बायकोचा आवाज आला, डब्यातून नव्हे, तिचा तिचाच, जरा बिचकत, जरा लाजत.

"तेच म्हणू का पुन्हा?" ती विचारत होती. "की दुसरं काही म्हणू?"